वरोर ते ॲबर्डीन, व्हाया झाई

९ फेब्रुवारी, रविवार. वरोर

बॅग पुन्हा रिकामी केली, पुन्हा भरली. विमान कंपनीने तेवीस किलोची मर्यादा घातली आहे. माणूस कितीही वजनाचा असला तरी चालतो, बॅगेत डिंकाचे चार लाडू जास्त झाले की विमान जड होतं. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा आमच्या वरोरच्या रिक्षात बसवायला हवं.

परवा निघायचं. किंजल, माझी एकुलती एक, स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन नावाच्या गावात आहे. जावई भाविक तिथे समुद्रातल्या पवनचक्क्यांवर इंजिनियर आहे. किंजलचं पहिलंच बाळंतपण. तारीख महिनाअखेरची दिली आहे, पण तिचं बी.पी. वर जातंय. डॉक्टर म्हणतात, आधीही होऊ शकेल. म्हणून मी जातेय. आई जवळ असली की बी.पी. खाली येतं.

हे येणार नाहीत. चंदर तांडेल, वादळातून बोट घरी आणणारा माणूस म्हणून सगळा किनारा ओळखतो, पण विमान म्हटलं की हात जोडतात. म्हणाले, "बोट बंद पडली तर तरंगते तरी." मी म्हटलं, शिकलेल्या माणसाने असं बोलू नये. मग आठवलं, हे फारसे शिकलेले नाहीत.

सोबत विहीणबाई येताहेत, नयनबेन. भाविकची आई. झाईला असतात, दोन बोटी आणि सुक्या मासळीचा धंदा. शिक्षण चौथी. अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलतात आणि आवाज असा की बोटीवरून किनाऱ्यावर ऐकू जावा. मला सोबतीची गरज नव्हती. मी उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तलासरीच्या पाड्यांवर एकटी राहिले. किंजलला फोनवर स्पष्ट सांगितलं, मी एकटी येईन. ती म्हणाली, "मम्मी, आईंनाच तुझी सोबत हवीय. त्या एकट्या कशा येतील?"

ते पटलं. नयनबेन भावाकडे दोनदा दुबईला जाऊन आल्यात म्हणे, तरी सोबत लागते. माणूस शिकलेला नसला की असं होतं.

मला मम्मी म्हणते आणि सासूला आई. हे कुठे शिकली कोण जाणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार. झाई

आज या पानावर मुंबई विमानतळ लिहायचं होतं. झाई लिहावं लागतंय.

दुपारी अख्खी आळी दारात जमली. शेजारच्या सोनीबाईने ओवाळलं. शाळेतल्या नव्या मुख्याध्यापकांनी शाल दिली आणि छोटं भाषण केलं, "आमच्या शांतीमॅडम आज सातासमुद्रापार निघाल्या." सोनीबाई गळ्यात पडून रडली. मीही दोन शब्द बोलले. नयनबेन झाईहून भाड्याची गाडी घेऊन आल्या होत्या, त्या माझं बोलणं संपेपर्यंत गाडीत बसून चिकू खात होत्या.

मनोरच्या पुढे गेलो आणि त्यांचा फोन वाजला. विमान कंपनीचा संदेश. तांत्रिक कारणास्तव आजचं उड्डाण रद्द, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, नवीन वेळ लवकरच कळवू. संदेशाच्या शेवटी हसरं तोंड काढलं होतं. माझ्या वर्गात एखाद्या पोराने गृहपाठ न करता वहीत हसरं तोंड काढलं असतं, तर त्याला मी बाकावर उभं केलं असतं.

मी म्हटलं, "आपण विमानतळावर जाऊन जाब विचारू."

"तिथे जाऊन कोणाला विचारणार, शांतीबेन?" नयनबेन म्हणाल्या. "विमान नाय तर नाय. ते काय आपल्याला बघून येणार हाय?"

गाडी उलटी फिरली. चारोटीला वरोरचा फाटा आला. आता तासाभरात मी त्याच दारात उतरणार, शाल अंगावर, आणि सोनीबाईच्या डोळ्यांतलं पाणीही सुकलेलं नसणार. मी ड्रायव्हरला म्हटलं, "जरा थांबा." का थांबा, ते सांगितलं नाही.

नयनबेननी माझ्याकडे बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "सरळ घे, तलासरीवरनं झाईला. तिथनं मुंबईला जावाला बरं पडतं."

झाई गुजरातच्या हद्दीला. वरोरपेक्षा मुंबईहून कितीतरी लांब. भूगोलसुद्धा चौथीपर्यंतचाच. मी चूक दुरुस्त केली नाही, पाहुण्याने करू नये.

तलासरी नाक्यावर चहाला थांबलो. मी पदर डोक्यावर घेऊन गाडीतच बसले. तरी पूर्वीचे सहकारी दिपकसर नेमके तिथे. खिडकीतून वाकून म्हणाले, "मॅडम, तुम्ही आज परदेशात जाणार होतात ना? ग्रुपवर फोटो बघितला शालीचा."

मी काही बोलणार इतक्यात नयनबेन चहाचा ग्लास घेऊन आल्या. "जातोच हाय. माझी एक बॅग घरी राह्यली, ती घ्यायला वळलो. मीच भुलक्कड."

दिपकसर हसले. एवढं सहज खोटं बोलायला धंद्याची सवय लागते.

१२ फेब्रुवारी, बुधवार. झाई

या घराबद्दल काय लिहावं. अंगणभर बांबूंवर बोंबील वाळत टाकलेत, समोर समुद्र, आणि दिवसभर माणसांची ये-जा. कोणी मासळी घ्यायला, कोणी नुसतंच बसायला. टीव्ही चालू असतो आणि कोणी बघत नाही. मला पलंग दिला आहे. नयनबेन बाहेर चटई टाकून झोपल्या. त्यांना जमिनीवरचीच सवय असणार, मी आग्रह केला नाही.

सकाळपासून विमान कंपनीच्या मदतक्रमांकावर. मदत कोणाला, ते अजून कळलेलं नाही. आधी एक बाई इंग्रजीत सांगते की तुमचा फोन आम्हाला फार महत्त्वाचा आहे. मग संगीत लागतं. मग तीच बाई पुन्हा सांगते. एखादी गोष्ट महत्त्वाची असेल तर माणूस ती एकदा सांगतो आणि कामाला लागतो. शेवटी एक मुलगी आली, ती इतकं फाडफाड बोलली की मला तिच्या उच्चारांची कीव आली. असले उच्चार समजून घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. फोन नयनबेनकडे दिला.

त्या सरळ गुजरातीत सुरू झाल्या. पलीकडची मुलगी निघाली वलसाडची. पाच मिनिटांत नयनबेनला तिचं नाव हेमाली, तिचं लग्न ठरलंय, आणि विमानाच्या इंजिनाचा एक भाग परदेशातून यायचाय, हे सगळं कळलं. विमान कधी उडणार, ते मात्र त्या मुलीलाही माहीत नव्हतं.

"बिचारी काय करेल," नयनबेन म्हणाल्या. "तिला काय विमानाची चावी दिलीय?"

ही अशी माणसं आहेत म्हणूनच कंपन्या माजतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. झाई

नवी तारीख मिळाली, शनिवार. कंपनीने "आपल्या संयमाबद्दल आभार" मानले आहेत. मी संयम दिलेला नाही. त्यांनी तो परस्पर घेतला.

यांचा फोन आला. मी विचारलं, आळीत काय सांगितलं? तर म्हणाले, "पोचली म्हणून सांगितलं."

"कुठे पोचली?"

"तिकडे. सोनीबाई विचारत होती, मग म्हटलं पोचली. थंडी हाय म्हणते."

आता वरोरमध्ये मी ॲबर्डीनला पोचलेली आहे. तिथे बर्फ पडतोय असंही यांनी स्वतःच्या मनाने सांगितलं, आणि मुख्याध्यापकांनी मुलांना फळ्यावर लिहून दाखवलं. मी झाईच्या ओट्यावरही बसू शकत नाही, कारण वरोरच्या बायका मासळी घ्यायला इथे येतात. दुपारी एक आलीच. मी आतल्या खोलीत दार लावून बसले. नयनबेननी तिला दारातच भाव सांगून, अर्ध्या भावात बोंबील देऊन वाटेला लावलं. मी बाहेर आले तेव्हा म्हटलं, धंदा असा केलात तर बुडाल. त्या म्हणाल्या, "एक दिवस चालतं ने."

संध्याकाळी किंजलचा व्हिडिओ कॉल आला, नयनबेनच्या फोनवर. माझ्या फोनला इथे रेंज कमी असावी. पोरीचा चेहरा सुजलाय. पावलं दाखवली, तीही सुजलीत. हसून म्हणाली, "मम्मी, चप्पल घालता येत नाही." मी तिला मीठ कमी कर, डाव्या कुशीवर झोप, जिने चढू नकोस असं सगळं सांगितलं. नयनबेननी फक्त विचारलं, "काय खावंसं वाटते तुला?" त्यावर ती रडली. आणि मग बराच वेळ बोलत बसली, सासूशी.

माझ्याकडे बोलायला विषय होते. फोन त्यांच्या हातात होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार. मुंबई विमानतळ

विमान दारात उभं आहे. काचेतून दिसतंय. त्यात कोणी बसवत नाही.

आधी सांगितलं, अर्धा तास उशीर. अर्ध्या तासाने सांगितलं, अर्धा तास उशीर. मग सांगणारी माणसंच निघून गेली. आता काउंटरवर एक फलक आहे, "आपल्या सेवेसाठी सदैव". फलकाच्या मागे खुर्ची रिकामी. गणपतीत एका मंडळाने असंच मूर्तीशिवाय मखर ठेवलं होतं, तिथे निदान आरती तरी होत होती.

खाण्यासाठी कूपन दिलं. त्या कुपनात एक सामोसा येतो, चहा येत नाही. चहा हवा तर पदरचे पैसे, आणि किंमत अशी की त्यात आमच्या डहाणू स्टेशनवर अख्ख्या वर्गाला चहा पाजता येईल. नयनबेननी पिशवीतून डबा काढला. भाकरी आणि लसणाची चटणी. आजूबाजूच्या चार खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली, मला संकोच वाटला. त्यांनी त्या चौघांनाही वाढलं. मी माझ्या वाटची खाल्ली, कारण सामोसा शिळा होता.

त्यांना विमानाची भीती वाटते हे आता नक्की. मला विचारलं, "शांतीबेन, बाथरूमला जायचं तर संगती येता?" मलाही जायचंच होतं, पण एवढ्या मोठ्या जागेत परत रस्ता कसा सापडणार, असा प्रश्न कोणालाही पडला असता. त्यांना पडला, म्हणून मी गेले.

बसवतायत वाटतं. उठते.

१६ फेब्रुवारी, रविवार. मधलं शहर

या शहराचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याची तेवढी लायकी नाही. इथे विमान बदलून ॲबर्डीनचं घ्यायचं होतं. आमचं मुंबईचं विमान इतकं उशिरा सुटलं की पुढचं आमच्याशिवाय निघून गेलं. ते मात्र वेळेवर. या कंपनीची विमानं माणसं आत असली की थांबतात आणि बाहेर राहिली की वेळ पाळतात.

विमानात चढल्यावर नयनबेननी माझा हात धरला. उडताना विमान असं वर ओढलं गेलं की मी मनात म्हटलं, आता सोडू नये बिचारीचा हात. जेवण आलं तेव्हा सोडला. त्यांच्या मनगटावर माझ्या नखांच्या खुणा उमटल्या होत्या. इतकं घट्ट धरायचं नसतं, असं मी त्यांना म्हणणार होते, पण राहिलं. त्या खिडकीतून ढग बघत बसल्या. घाबरलेली माणसं असंच लक्ष दुसरीकडे वळवतात.

इथल्या काउंटरवरच्या मुलाने आधी आमचे पासपोर्ट उलटे धरले, मग सुलटे. म्हणाला, आज विमान नाही, ॲबर्डीनला धुकं आहे. उद्या बघू. हॉटेल मिळेल का, असं मी शुद्ध इंग्रजीत विचारणार होते, वाक्य जुळवलेलं होतं, पण मागे रांग होती आणि लोक घाईत होते. नयनबेननी दोन्ही हात कानाशी नेऊन झोपायची खूण केली. मुलगा म्हणाला, या शहराचा व्हिसा नसेल तर बाहेर पडता येणार नाही, म्हणून हॉटेल नाही. म्हणजे उशीर त्यांनी केला आणि कैद आम्हाला. त्याने दोन पातळ चादरी दिल्या आणि हसला. या कंपनीत हसण्याचं प्रशिक्षण देतात, विमान उडवण्याचं नंतर बघतात.

आम्ही खुर्च्यांवर बसलो आहोत. समोर सोन्याची दुकानं, अत्तराची दुकानं, एक मोटारगाडी लॉटरीत ठेवलेली. पाण्याचा नळ मात्र विचारून विचारून शोधावा लागला. नयनबेन जाऊन पाणी आणतात, चहा आणतात, पाटी बघून येतात. मी सामान सांभाळते. कोणीतरी जबाबदार माणूस सामानाजवळ लागतोच.

१७ फेब्रुवारी, सोमवार. तेच शहर

सकाळी भाविकचा फोन आला. नयनबेनच्या फोनवर. किंजलला दवाखान्यात दाखल केलं. बी.पी. फार वर गेलंय. डॉक्टर औषध देऊन बघताहेत, नाही उतरलं तर सिझेरियन करणार, आज नाहीतर उद्या.

मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.  नयनबेननी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि मला घेऊन काउंटरवर गेल्या. या वेळी तिथे एक पोक्त बाई होती. नयनबेननी मोबाईलवरचा किंजलचा फोटो दाखवला, पोटावर हात ठेवून. "डॉटर," म्हणाल्या, माझ्याकडे बोट करून. "हर डॉटर. बेबी. टुडे." आणि फोटोवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटले.

त्या बाईने बराच वेळ संगणकावर काहीतरी केलं. मग म्हणाली, धुकं निवळलंय, दुपारी एक विमान आहे. त्यात एक जागा आहे. एकच. पुढच्या दोन जागा उद्या संध्याकाळी.

नयनबेन लगेच म्हणाल्या, "शांतीबेन, तुमी जा. पोरगी तुमची हाय."

आता यावर माझी बाजू नीट लिहून ठेवते, पुढे कोणी काही म्हणू नये. मी जाणार होते. पण ते विमान थेट नव्हतं. लंडनला उतरायचं, सामान घ्यायचं, एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायचं, पासपोर्टच्या माणसाशी बोलायचं, आणि मग दुसऱ्या कंपनीचं विमान. हे त्या बाईने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा मला वेगवेगळं ऐकू आलं. शिवाय मी कोणाचे उपकार घेत नाही. जन्मात घेतले नाहीत. आणि नयनबेनना या परक्या जागी एकटं सोडून जाणं मला योग्य वाटेना, सोबतीसाठी म्हणून तर मी आले. म्हटलं, "नाही. तुम्ही जा. तुम्ही आजी आहात."

"तुमीपण आजीच ने."

"मी थांबते. मला काही अडचण नाही. पाड्यावर एकटी राहिलेली बाई आहे मी."

"मी गेली तर तुमी हिते एकट्या उद्यापर्यंत राहाल?"

"का नाही राहणार?"

त्यांनी पासपोर्ट पुढे केला. त्या बाईने तो घेतला. मी नयनबेनना म्हटलं, पोचलात की फोन करा, तिला मीठ कमी द्या.  मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. पर्सची चेन माझ्या हातून उघडेना.

नयनबेन माझ्याकडे बघत होत्या. मग काउंटरवर हात ठेवून पासपोर्ट परत मागून घेतला.

"नको," म्हणाल्या. "पाय सुजलेत माझे. लंडनला एवढं धावायला नाय जमणार. उद्या दोघी जाऊ."

मी त्यांना समजावलं. खरोखर समजावलं. पण त्या ऐकायलाच तयार नाहीत. ती जागा मागे उभ्या असलेल्या एका केस रंगवलेल्या मुलाला मिळाली, गिटार घेऊन चालला होता. माझ्या नातवंडाची जागा गिटारला.

पाय सुजलेत म्हणे. सकाळपासून चहासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होत्या. हट्टी बाई आहे. मला खरंच राग आला. जागा हातात आलेली सोडतात का कोणी? मला मिळाली असती तर मी गेले असते.

त्यानंतर आम्ही पुन्हा खुर्च्यांवर येऊन बसलो. त्यांनी माझं डोकं खांद्यावर ओढून घेतलं तेव्हा मी विरोध केला नाही. खुर्चीची पाठ फार ताठ आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. तेच शहर

मुलगी झाली.

दुपारी भाविकचा फोन आला. सिझेरियन. किंजल शुद्धीवर आहे, बोलत नाही फारशी, पण बरी आहे. बाळ लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलंय, पण श्वास स्वतःचा स्वतः घेतंय. भाविक रडत होता. तो एकटाच होता ऑपरेशनच्या खोलीच्या दारात. नयनबेन त्याला म्हणाल्या, "रडू नको रे, कई नाय. चहा पी. कॅन्टीनमध्ये जा आणि चहा पी." मग फोन ठेवून त्या स्वतः काचेकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या. खांदे हलत होते. मी म्हटलं, आनंदाची गोष्ट आहे, रडायचं काय त्यात.

कालच्या विमानाने गेल्या असत्या तर बाळाला पहिलं बघणाऱ्या त्या असत्या. स्वतःचा हट्ट, मग स्वतःच रडायचं.

त्यांनी पिशवीतून चिक्की काढली आणि पूर्ण रांगेत वाटली. काउंटरवरच्या पोक्त बाईलाही नेऊन दिली. तिने उठून त्यांना मिठी मारली. कंपनीच्या माणसांना मिठ्या मारणं मला पटत नाही. तरी चिक्की मीही खाल्ली.

यांना फोन केला. बातमी सांगितली. मग म्हणाले, "आळीत सांगू?"

"सांगा."

"तू काय करतेस म्हणून विचारलं तर काय सांगू?"

मी म्हटलं, बाळाला मांडीवर घेऊन बसलेय म्हणून सांगा. 

संध्याकाळच्या विमानाला पुन्हा उशीर. कारण या वेळी सांगितलं की विमान चालवणारा माणूस दुसऱ्या विमानात अडकलाय. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या उशिराने त्यांनाच गाठलं. मला हसू आलं. या प्रवासात पहिल्यांदाच, आणि तेही कंपनीच्या खर्चाने.

२० फेब्रुवारी, गुरुवार. ॲबर्डीन

काल पोचलो. सामान पोचलं नाही. डिंकाचे लाडू या क्षणी कुठल्या देशात आहेत, ते कंपनीला माहीत नाही. शोध चालू आहे, असं एका कागदावर लिहून दिलंय. शिवाय फोनवर संदेश आलाय, आपला प्रवास कसा वाटला, पाचपैकी किती तारे द्याल. मला मराठीत लिहू दिलं असतं तर तारेच दाखवले असते.

इथे समुद्र राखाडी आहे. बर्फ पडलेला नाही. यांनी सांगितलेलं तेवढं खोटं ठरलं.

आज सकाळी दवाखान्यात गेलो. किंजल उशाला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला. तिने डोळे मिटून घेतले. लहानपणी ताप आला की असंच करायची. मी तिला रागावणार होते, आधी का सांगितलं नाहीस इतकं वाढलं म्हणून, पण आधी तिला पाणी पाजलं.

नयनबेन बाहेर नर्सला चिक्की देत होत्या. तेवढ्यात किंजल म्हणाली, "मम्मी, सोमवारी एक सीट मिळत होती ना? भाविक सांगत होता."

"हो. मी म्हटलं त्यांना, तुम्ही जा. ऐकलं नाही. पाय सुजले होते म्हणे."

किंजल माझ्याकडे बघत राहिली. "आईंचे पाय कधीच सुजत नाहीत, मम्मी. सबंध दिवस बाजारात उभ्या असतात."

"मग तसं का म्हणाल्या?"

 तिने माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "मीच त्यांना सांगितलं होतं, मम्मीला एकटीला सोडू नका. मला वाटलं नव्हतं इतकं मनावर घेतील."

 मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गाड्या लावलेल्या होत्या.

मग नर्स बाळाला घेऊन आली, मागोमाग नयनबेन. पेटीतून आजच काढलंय. पांढऱ्या दुलईत गुंडाळलेलं, फक्त तोंड बाहेर, आणि कपाळावर आठ्या. नर्सने आम्हा दोघींकडे बघितलं आणि विचारलं, "ग्रँडमा?" दोन पावलं पुढे आली ती माझ्याकडे. मी जवळ होते.

मी म्हटलं, "आधी त्यांना द्या. माझे हात गार आहेत."

हे मी इंग्रजीत म्हटलं. नर्सला कळलं.

खोलीत हीटर चालू होता. हात तसे काही गार नव्हते.

नयनबेन म्हणाल्या, "माझेपण गारच हायत ने. तुमी घ्या."

"तुम्ही घ्या."

"नाय, तुमी."

नर्स दोघींच्या मधे बाळ घेऊन उभी. शेवटी किंजल पलंगावरून म्हणाली, "दोघी बसा तिथे. शेजारी शेजारी." आम्ही सोफ्यावर बसलो. नर्सने बाळ दोघींच्या मांडीवर आडवं ठेवलं. डोकं त्यांच्याकडे गेलं, पाय माझ्याकडे.

पोरीने दुलईतून एक पाय बाहेर काढला आणि मला लाथ मारली. मग पुन्हा एकदा, जरा जोरात. नयनबेन हसायला लागल्या.  उशीर तर झालाच होता, तिचं म्हणणं मी ऐकून घेतलं.